मोनोवी गावात माणसे किती?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात मोनोवी नावाचे एक खेडे आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ होती. २०२० च्या अधिकृत तक्त्यात ती २ आहे. म्हणजे दहा वर्षांत शंभर टक्के वाढ! गणित बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. गावात नवे कोणीच आले नव्हते. राहत होती ती पूर्वीचीच एकटी वृद्ध बाई. गावची नगराध्यक्ष तीच, चिटणीस तीच आणि खजिनदारही तीच!

मग हा दुसरा माणूस आला कोठून? ते पाहण्यापूर्वी गावाचा इतिहास थोडक्यात पाहू.

१९०२ मध्ये रेल्वे आली आणि मोनोवी वसले. १९३० च्या जनगणनेत तेथे १२३ माणसे होती. पुढे शेतीत यंत्रे आली. दहा जणांचे काम एक ट्रॅक्टर करू लागला, तेव्हा तरुण मंडळी कामधंद्यासाठी शहरांकडे गेली. १९६० मध्ये ४० माणसे उरली. १९६७ मध्ये टपालकचेरी बंद झाली, १९७४ मध्ये शाळा. १९९० मध्ये ६, २००० मध्ये २ आणि पुढे एकच.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळू. जनगणनेत दिलेली व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन अमेरिकेच्या जनगणना खात्यावर आहे. परंतु ज्या गावात एकच माणूस आहे, तेथे 'गावाचे सरासरी वय' म्हणजे त्या माणसाचेच वय! शिवाय आजचे संगणक निरनिराळे तक्ते एकमेकांशी ताडून माणूस हुडकून काढू शकतात. म्हणून २०२० मध्ये खात्याने लहान विभागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी यादृच्छिक चूक मिसळली. कोठे एखादा माणूस वाढला, कोठे कमी झाला. राज्यांच्या एकूण लोकसंख्येला मात्र हात लावला नाही. या पद्धतीला 'डिफरन्शियल प्रायव्हसी' म्हणतात. मोनोवीचा दुसरा रहिवासी हा असा कागदावरचा आहे.

हे योग्य झाले का? काही अभ्यासकांचा आक्षेप असा की, लहान गावांचे आकडेच बिघडले तर त्यांच्या गरजा कशा कळणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लाख वस्तीच्या शहरात एका माणसाची चूक जाणवतही नाही. मोनोवीत ती गाव दुप्पट करते. तरीही माझ्या मते खात्याचे धोरण बरोबर आहे. लोक खरी माहिती देतात ती विश्वासावर. तो विश्वास तुटला, तर पुढच्या वेळी उत्तरेच खोटी मिळतील आणि मग शहराचा आकडाही खरा राहणार नाही. अट एकच: चूक मिसळली आहे हे खात्याने उघडपणे सांगितले पाहिजे. तसे ते सांगितले गेले, म्हणूनच त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत मोजपट्टीची अचूकता विचारल्याशिवाय आपण माप लिहीत नाही. लोकसंख्येचा तक्ता वाचतानाही तीच सवय हवी. टक्केवारी दिसली की आधी विचारा, मूळ संख्या किती? ती कोणी, कशी मोजली? आणि तिच्यात किती चूक संभवते? शिक्षकांनी हे तीन प्रश्न वर्गात जरूर विचारावेत. शंभर टक्के वाढीचे मोनोवी हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.