रंग नवा चालेल, काच जुनीच हवी

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करायची म्हटली की सगळी चर्चा इंजिन आणि रंगाभोवती फिरते. इंजिन खोलून बांधले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, रंगाचे हात झाले, की मालकाला वाटते काम संपलेच. मग उरतात क्रोमच्या पट्ट्या, बंपर, दारांच्या मुठी, काचा आणि त्यांची रबरे. हे सगळे परदेशातून नवेकोरे मागवता येते. खोके येते आणि जुने सामान भंगारात जाते. माझी हरकत नेमकी या टप्प्याला आहे. बाहेरच्या पट्ट्या आणि काचा जिथवर शक्य आहे तिथवर त्याच गाडीच्या त्याच गाडीवर परत चढाव्यात. नवे सामान हा शेवटचा इलाज असावा. रंग कितीही निगुतीने दिला तरी तो आजचाच असतो. गाडी कधी आणि कोणत्या बाजारासाठी बनली, याची खूण पट्टीत आणि काचेत राहते.

जॅग्वार ई-टाइप घ्या. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांच्या बॉनेटचे खटके बाहेरच्या बाजूला होते आणि ते टी आकाराच्या किल्लीने उघडावे लागत. नंतर ते आत गेले. पुढच्या दिव्यांवरची काचेची झाकणे अमेरिकेतल्या नियमांमुळे १९६७ मध्ये गेली, आणि १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत बंपर जाडजूड झाला. म्हणजे गाडीचे वय बाहेरच्या सामानावरच लिहिलेले असते. पण मागणी पहिल्या मालिकेच्या देखण्या चेहऱ्याला जास्त, त्यामुळे नंतरच्या गाडीला झाकणे आणि बारीक बंपर लावून तिला तरुण करण्याचा मोह होतो. काचेचेही तेच. ट्रिप्लेक्सच्या काचेवर कोपऱ्यात बारीक शिक्का असे आणि त्यातल्या अक्षरांच्या वर-खाली ठिपके देऊन ती केव्हा बनली ते नोंदलेले असे. चारही बाजूंच्या काचांवरचे ठिपके एकमेकांशी आणि गाडीच्या वयाशी जुळले, तर गाडी फारशी ठोकली गेली नसावी असे जाणकार मानतात. कागदपत्रे हरवतात, ओडोमीटर मागे फिरवता येतो. काचेवरचा ठिपका फिरवणे त्यामानाने अवघड, आणि आपण तोच पुरावा चार ओरखड्यांपायी फेकून देतो.

दुसरे कारण अगदी कारागिरीचे आहे. त्या काळातल्या कमी संख्येच्या स्पोर्ट्स गाड्यांचे पत्रे हाताने जुळवलेले असत. ई-टाइपच्या सांगाड्यातले सांधे शिसे भरून, कानशीने घासून बुजवलेले असत. त्यामुळे एका गाडीचा उतार दुसरीशी तंतोतंत जुळत नाही आणि एका गाडीवर नीट बसलेली पट्टी शेजारच्या गाडीवर फट सोडते. नव्याने बनवलेली पट्टी सरासरी मापाची असते. ती बसवताना मिस्त्री आधी दाबतो, मग वाकवतो, मग क्लिपचे भोक कानशीने मोठे करतो, आणि शेवटी नव्या रंगाला चरा पडतो. म्हणून चांगल्या कारखान्यात रंगाआधी सगळे सामान एकदा कोरडे बसवून पाहतात: बंपर, दिव्यांच्या कडा, काचा रबरांसकट. फट दिसली तर ती पत्र्यात दुरुस्त करतात, कारण रंग झाल्यावर ते करता येत नाही. यात चार दिवस जादा जातात आणि घाईतल्या कामात नेमके हेच चार दिवस वाचवले जातात.

समोरची काच बसवण्याचे काम पाहण्यासारखे असते. जुन्या पोर्श ९११ मध्ये आधी काचेभोवती रबर चढवतात, रबराच्या खाचेत ॲल्युमिनियमची पट्टी सरकवतात, मग दुसऱ्या खाचेत दोरी फिरवून तिची टोके आतल्या बाजूला लोंबती ठेवतात. साबणाचे पाणी लावून एकजण बाहेरून काच दाबतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरीबरोबर रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवर चढत जाते. पट्टी आधी न घालता काच बसवली, तर ती मागाहून घालताना दुमडते, आणि दुमडलेले ॲल्युमिनियम पुन्हा पहिल्यासारखे सरळ होत नाही. पाणी साचून गंज चढतो तोही याच रबराखाली. म्हणून रबर नवेच हवे, तिथे जुन्याचा आग्रह धरणे वेडेपणा आहे. रबर झिजण्यासाठीच बनलेले असते, काच आणि धातू तसे नसतात.

यावर पहिली हरकत सुरक्षिततेची येते, आणि ती खरी आहे. त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांची समोरची काच टफन्ड असे. खडा लागला की सगळी काच एका क्षणात पांढऱ्या जाळीची होते आणि चालकाला पुढचे काही दिसत नाही. लॅमिनेटेड काच तडकली तरी पडद्यासारखी जागेवर राहते. तेव्हा गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर समोर नवी लॅमिनेटेड काच बसवावी; फक्त जुनी काच गुंडाळून, चिठ्ठी लावून गाडीबरोबर ठेवावी. बाजूच्या आणि मागच्या काचांना ही सबब लागू होत नाही. काच वर-खाली होताना कचऱ्याने पडलेल्या हलक्या उभ्या रेषा सेरियम ऑक्साइडने घासून बऱ्याच पुसट होतात.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी चकचकीतच होती, मग तिला तशी करण्यात खोटे काय? खोटे नाही, पण आजची चकाकी त्या दिवशीची नसते. क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खरी झळाळी त्याच्या खालच्या निकेलची. पुन्हा मुलामा द्यायचा तर जुना थर उतरवून धातू घासावा लागतो. दर खेपेला कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे बुजत जातात. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या मुठी आणि बिल्ल्यांना तर आतून खड्डे पडलेले असतात. ते उकरून भरताना मूळ आकार हातचा जातो. शिवाय क्रोमच्या टाकीतले हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते. थोडी मंद झालेली पट्टी नुसती साफ करून लावली तर यातले काहीच करावे लागत नाही. नवेपण पाच वर्षांनीही आणता येईल. साठ वर्षांचे जुनेपण एकदा घासले की गेले.

उरली हरकत मालकाच्या मर्जीची. पैसा त्याचा, गाडी त्याची. त्याने ती आरशासारखी केली तर आपण कोण बोलणार? कायद्याने कोणीच नाही. पण ज्या दर्दी मंडळींच्या कौतुकासाठी हा खर्च होतो, त्यांची नजर बदलली आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद १९६४ च्या वास्तुजतनाच्या व्हेनिस सनदेवर बेतलेली आहे. ती नूतनीकरणापेक्षा जतनाला वरचे स्थान देते आणि बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करायला सांगते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या स्पर्धेत २०२४ साली पहिल्यांदाच जतन केलेल्या गटातल्या गाडीने सर्वोच्च मान पटकावला. १९३४ ची ती बुगाटी टाइप ५९, आणि तिचा काळा रंग जागोजाग झिजलेला होता.

आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हीए मालिकेचे वेगळे क्रमांक देऊ केले. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. काच, बंपर, पट्ट्या यांचा त्यात शब्दही नाही. १९७४ ची शेवटची ई-टाइपसुद्धा आता या वयात बसते. मुंबई-पुण्यातल्या क्लबांनी कायद्याची वाट न पाहता परीक्षकांच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: बाहेरचे कोणते सामान मूळ, कोणते बदललेले, आणि बदललेले कुठे ठेवले आहे. गुण चकाकीला आहेतच. निम्मे तरी या रकान्याला द्यावेत.