गुणपत्रिकेतून गळलेले पाणी

दोन कॅमेऱ्यांच्या प्रतिमांवरून अंतर काढणारे न्यूरल नेटवर्क कितपत जमले, हे आपल्याकडेही बहुधा ‘किट्टी’च्या आकड्यांवरूनच ठरते. २०१२ आणि २०१५ सालचा हा डेटासेट जर्मनीतल्या कार्ल्सरूह परिसरातला, बहुतांशी कोरड्या, उजेडाच्या दिवसांचा. २०१५च्या निकषात डिस्पॅरिटी, म्हणजे दोन प्रतिमांत वस्तूची जागा जितकी सरकते ते माप, तीन पिक्सेलहून जास्त आणि शिवाय पाच टक्क्यांहून जास्त चुकली, तरच चूक धरतात. तिथल्या कॅमेऱ्यांत ५४ सेंटिमीटरचे अंतर आणि नाभीय अंतर सुमारे ७२० पिक्सेल. म्हणजे ४० मीटरवरच्या वस्तूची डिस्पॅरिटी जेमतेम दहा पिक्सेल भरते. ती वस्तू मॉडेलने ५७ मीटरवर दाखवली तरी उत्तर बरोबर! मधल्या १७ मीटरांत सहा रिक्षा एकामागे एक मावतात.

पावसाळ्यात तर प्रकरण आणखी बिकट. मुंबईत एलबीएस मार्गावरच्या डबक्यात मेट्रोचा खांब दिसतो आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या लेखी तो रस्त्याखाली उलटा उभा असतो. पिक्सेल इमानेइतबारे जुळवले, तर भूमिती तिथे खोल खड्डा दाखवते. शिकलेले नेटवर्क मात्र ‘रस्ता सपाट असतो’ या सवयीने तो बुजवून टाकते. नकाशा देखणा होतो. पाण्याखाली खरोखरच खड्डा असला तरी तितकाच देखणा. हिर्शम्युलर यांच्या २००५च्या एसजीएम या न शिकवलेल्या जुळणी-पद्धतीत डावी-उजवी पडताळणी फसली की नकाशात भोके उरत. दिसायला ओंगळ, पण वापरणाऱ्याला सावध करणारी.

यावर २०२५च्या फाउंडेशनस्टिरिओचा दाखला दिला जाईल. दहा लाख कृत्रिम जोड्यांवर घडलेले हे मॉडेल अनोळखी दृश्यांतही नव्याने न शिकवता चालते, हे मान्यच. पण ते एकाच प्रतिमेवरून अंतर ताडणाऱ्या मॉडेलचा आधार घेते. म्हणजे सवयीचा वाटा वाढतो, आणि पाण्यापुढे अडचण सवयीचीच आहे. मग लेझर किरणाने अंतर मोजणारा लायडार का नको? साचलेल्या पाण्यावरून त्याचा किरण बहुतेकदा पुढे निसटतो, परत येत नाही. आणि किट्टीत जिथे लायडारचे माप नाही, ते पिक्सेल गुण देताना धरलेच जात नाहीत. सर्वांत धोक्याची चूक अशी हिशेबाबाहेरच राहते.

हे मोजायला फार खर्च नको. अंधेरी सबवेसारख्या दरवर्षी तुंबणाऱ्या जागी कॅमेऱ्यांची जोडी पक्की बसवावी, मे महिन्यात कोरडा रस्ता लायडारने मोजून ठेवावा आणि जुलैतले मॉडेलचे उत्तर त्याच्याशी ताडावे. मधल्या काळात खड्डे बदलतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पाणी ओसरताच पुन्हा मोजणी हवी. या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत यापुढे ओल्या रस्त्याचे पिक्सेल वेगळे काढून त्यांवरची चूक मीटरमध्ये द्यावी, आणि मॉडेलने किती ठिकाणी ‘सांगता येत नाही’ म्हटले, तेही नोंदवावे.