मार खाऊन नव्हे, मार खाऊनही

'जेंटल पॅरेंटिंग'चा विषय निघाला की आपल्यातले जुने लोक म्हणतात, हे दादरच्या टॉवरमधले चोचले. आम्ही पट्ट्याचा मार खाऊन शिकलो. नाही. तुम्ही मार खाऊनही शिकलात, श्रेय पट्ट्याचं नाही. गोणपाटावर बसवलेल्या, शिपाई नसला की तहानलेला राहणाऱ्या भीमरावाला शाळा एकच गोष्ट शिकवत होती: गप बस. तोच धडा आपण घरात गिरवून घ्यायचा आणि १४ एप्रिलला त्याच पोराकडून बंडाचं भाषण मागायचं? शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत मारायला बंदी आहे. घरात ती आपणच घालायची.

पण रील पाहून मुलाला 'नाही' म्हणायलाच घाबरणाऱ्या नव्या आईबापांचंही पटत नाही. मुलाची वेगळी खोली, रडणाऱ्या पोराजवळ अर्धा तास बसायला मोकळी आई, हे सगळं त्या रीलमध्ये गृहीतच असतं. परळच्या चाळीत एका खोलीत सहा माणसं, आई चार घरची धुणीभांडी करून आलेली, बाप बारा तासांच्या सिक्युरिटी ड्यूटीवर. तिचा हात उठला तर तो चुकलाच. पण तिला 'टॉक्सिक' म्हणणं ही खात्यापित्या घरची मग्रुरी आहे. शिवाय त्यांच्या मुलाचं वर्ष वाया गेलं तर डोनेशनची सीट असते. आपल्याकडे बारावीत घसरलेलं पोर थेट डिलिव्हरीच्या बाईकवर दिसतं.

सुभेदार रामजी मऊ बाप होते असं कोणी म्हणणार नाही. लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली. ते भीमरावाला लवकर झोपवायचे, स्वतः दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे व्हायचे. पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण टाकायचे. शिस्त कडक, पण तिची किंमत आधी बापानं मोजलेली. तथागतांनीही राहुलाला खोटं बोलण्याबद्दल समजावलं ते भांड्यातलं उरलेलं पाणी फेकून दाखवून. हात उगारला नाही आणि विषयही सोडला नाही.

आज रामजींसारखं जागायला आपल्या आईबापांकडे तास नाहीत. ते तास वस्तीनं द्यावेत. जयंतीच्या मंडळांनी डीजेच्या पैशातून विहारात संध्याकाळी सात ते नऊ दिवे, पंखे, चटया ठेवाव्यात आणि कॉलेजच्या दोन मुलामुलींनी रोज पोरांशेजारी बसावं. लालबागपासून नायगावपर्यंत किती मंडळं तयार आहेत, कळवा.

जय भीम.