अर्थ लागला की दिवा लागतो

गाडीचा मागचा दिवा गेला की आपण काय करतो? बल्ब बदलतो. नाही लागला तर होल्डरला दोन टपल्या मारतो, आणि त्यावर महिनाभर निघतो. याला दुरुस्ती म्हणत असतील, पण यात निदान कुठे आहे?

खरं तर गाडी स्वतःच सांगत असते. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकायला लागला, तर बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. सगळे ब्रेक लाइट एकदम गेले तर बल्बच्या मागे लागू नका, फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच बघा. आणि ब्रेक दाबला की शेजारचा इंडिकेटरही मंद उजळतो, अशी भुताटकी दिसली तर आधी अर्थिंग तपासा. बॉडीतून परत जायची वाट गंजाने अडली, की वीज शेजारच्या फिलॅमेंटमधून वाट काढते. होल्डरच्या अर्थपासून स्वच्छ पत्र्यापर्यंत एक वायर धरून बघा. दिवे सुधारले, तर रोग सापडला! मग पॉलिश पेपर घासा नि स्क्रू आवळा.

फ्यूज सारखा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा टाकणं मात्र, कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधण्यासारखं. चोर घरातच राहतो.

एवढ्याशा गोष्टीवर एवढं का लिहावं? आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले रस्ते आठवा. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी.. महामार्ग 44 वर (पूर्वीचा 7) रात्रभर ट्रक पळतात. कापसाच्या दिवसांत भरलेल्या ट्रॉल्या नि बैलबंड्याही रस्त्यावर येतात. बंडीला दिवा नाही म्हणून आपण चिडतो. आपल्या कारचा मागचा दिवा मात्र आपल्याला दिसतच नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो 155 मीटरवरून दिसायला हवा. ताशी 80 च्या वेगात हे अंतर सात सेकंदांत संपतं. दिवाच नसेल तर?

म्हणून माझं मत असं, की ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन "बल्ब टाका" म्हणू नका. "काय झालंय ते शोधा" म्हणा, आणि शोधण्याचे पैसे द्या. पार्टचे पैसे आपण मुकाट मोजतो, डोकं चालवण्याचे द्यायला मात्र जिवावर येतं. मग समोरचाही बल्बच टाकून देतो. त्याचं तरी काय चुकलं?