साडेबारा पौंडांचा न्याय

लंडनमध्ये जुनी डिझेल गाडी रस्त्यावर काढली, की त्या दिवसाचे 12.50 पौंड भरायचे. आपल्या हिशेबात चौदाशे-पंधराशे रुपये. नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि पैसे भरले नसतील तर 180 पौंडांचा दंड घरी येतो, लवकर भरला तर निम्मा. या योजनेला तिथे 'युलेझ' म्हणतात. 2019 मध्ये ती शहराच्या मध्यभागी सुरू झाली, 2021 मध्ये पसरली आणि 29 ऑगस्ट 2023 पासून अख्ख्या लंडनला लागू झाली.

तेव्हापासून दोन टोळ्या एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. एक म्हणते, स्वच्छ हवा हवी तर किंमत मोजा. दुसरी म्हणते, गरिबाचं कंबरडं मोडलं हो! गंमत अशी, की या दोन्ही टोळ्यांमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्यांची स्वतःची गाडी बहुतेक वेळा नवीकोरी असते. म्हणजे साडेबारा पौंड दोघांनाही भरायचे नसतात.

आधी दुसऱ्या टोळीचा समाचार घेऊ.

एला अडू-किसी-डेब्रा ही आग्नेय लंडनमधल्या लुईशम भागातली मुलगी. साउथ सर्क्युलर नावाच्या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. तिला तीव्र दमा होता. फेब्रुवारी 2013 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. डिसेंबर 2020 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषणही नोंदवलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. 2021 मध्ये युलेझ पसरली ती बरोबर या साउथ सर्क्युलर रस्त्यापर्यंत, पण खुद्द रस्ता वगळून! दोन वर्षांनी संपूर्ण शहर कक्षेत आलं, तेव्हा कुठे तो रस्ताही आत आला.

आता सांगा, धूर फुकट असतो का? तो सोडणाऱ्याला पैसे पडत नाहीत एवढंच. बिल फाटतं ते रस्त्याकडेच्या घरातल्या पोराच्या नावावर. 2021 च्या जनगणनेनुसार लंडनमधल्या सुमारे 42 टक्के कुटुंबांकडे गाडीच नाही. ती बसने जातात, चालत जातात आणि इतरांचा धूर ओढतात. 'गरिबांवर अन्याय' म्हणून गळा काढणाऱ्यांना हे गरीब कधी दिसले नाहीत. त्यांचा गरीब नेहमी स्टिअरिंगमागेच बसलेला असतो.

म्हणून शुल्क असावं, यात मला शंका नाही. पण पहिल्या टोळीनेही लगेच टाळ्या पिटू नयेत.

युलेझचा नियम असा: पेट्रोल गाडी युरो-4 दर्जाची हवी, डिझेल युरो-6. गाडी किती मोठी, मालक किती श्रीमंत, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे दोन टनांची नवी चकचकीत एसयूव्ही फुकट जाते आणि नळदुरुस्ती करणाऱ्याची 2014 ची डिझेल व्हॅन पैसे भरते. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर झाले 3000 पौंड. दिवस मोजायचा मध्यरात्रीपासून. म्हणजे रात्री दहाला ड्यूटीवर निघालेली आणि सकाळी सहाला गाडी घेऊन परतणारी रुग्णसेविका एका पाळीसाठी दोन दिवसांचे पैसे भरते. ती आळशी नाही, पर्यावरणाची शत्रू नाही. त्या वेळेला तिच्या भागात बसची सोय धड नाही, इतकंच.

आणि त्या नळवाल्याने डिझेल घेतलीच का? कारण सरकारने तशी वाट दाखवली. 2001 पासून ब्रिटनमध्ये गाडीचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला. डिझेल गाडी तो कमी सोडते, म्हणून लोक डिझेलकडे वळले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं काय, हे तेव्हा कोणी गांभीर्याने विचारलं नाही. पुढे 2015 मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांमध्ये होतं. म्हणजे धोरण चुकलं सरकारचं, फसवणूक केली कंपनीने आणि कॅमेऱ्यात सापडला नळवाला.

मदत नव्हती असं नाही. जुनी गाडी भंगारात काढली तर कारला 2000 पौंडांपर्यंत आणि छोट्या धंद्याच्या व्हॅनला त्याहून जास्त रक्कम मिळायची. पण सुरुवातीला ही मदत मोजक्यांनाच होती: ठराविक सरकारी भत्ते घेणारे, अपंग व्यक्ती, अगदी छोटे व्यवसाय. जुलै 2023 मध्ये अक्सब्रिजची पोटनिवडणूक मजूर पक्षाने 495 मतांनी गमावली आणि खापर युलेझवर फुटलं. मग 21 ऑगस्टपासून ही मदत सगळ्या लंडनकरांना खुली झाली. शुल्क सुरू व्हायला तेव्हा आठ दिवस उरले होते! शिवाय सरे किंवा केंटमध्ये राहून लंडनमध्ये काम करणारे 'लंडनकर' नाहीत, म्हणून त्यांच्या हाती काहीच नाही. जे आधी करायला हवं होतं, ते मार खाल्ल्यावर केलं.

तरीही निकाल काय? लंडनच्या प्रशासनाच्या 2025 च्या अहवालानुसार, युलेझ नसती तर रस्त्याकडेच्या हवेत जेवढा नायट्रोजन डायऑक्साइड असता, त्यापेक्षा तो 27 टक्क्यांनी कमी आहे. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आता नियमात बसतात. मे 2024 मध्ये, विस्तार रद्द करण्याचं वचन देणाऱ्या सुझन हॉल यांना हरवून सादिक खान तिसऱ्यांदा महापौर झाले. शुल्क काम करतं. मग ते सावकाश, आधी हात देऊन करता आलं नसतं?

हा प्रश्न मला लंडनपेक्षा मुंबईसाठी जास्त छळतो. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या सुनावणीत, पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का याचा अभ्यास करायला सांगितलं आणि राज्य सरकारने समिती नेमली. आज ना उद्या कुणीतरी लंडनचं उदाहरण टेबलावर ठेवणारच.

तो नियम जसाच्या तसा इथे आणला तर काय होईल, बघा. आपल्याकडे युरो-6 च्या तोडीचा बीएस-6 देशभर आला एप्रिल 2020 मध्ये. युरो-4 च्या तोडीचा बीएस-4 मुंबईत 2010 पासून आहे. म्हणजे गेल्या पंधरा वर्षांतली जवळपास प्रत्येक पेट्रोल कार सुटली. रिक्षा-टॅक्सी बहुतेक सीएनजीवर, त्याही सुटल्या. सापडला कोण? वाशीच्या मार्केटमधून पहाटे भाजी भरून निघालेला 2019 चा डिझेल छोटा हत्ती, ज्याचे हप्ते आत्ता कुठे फिटलेत. तो रोजचं शुल्क कुठून भरणार? भाजीवर लावेल, नाहीतर धंदा सोडेल. शेजारच्या लेनमधून नवी डिझेल एसयूव्ही एकटा माणूस घेऊन दिमाखात जाईल, फुकट.

आपल्या सरकारचं मन कुणाकडे आहे, तेही पाहून घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींसह हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. गाडीवाल्याला सूट, बसवाल्याला दुप्पट. बेस्टचा ताफा एकेकाळी चार हजारांच्या वर होता, तो तीन हजारांच्या खाली आलाय. अशा शहरात 'गाडी सोडा, बसने जा' म्हणणं म्हणजे स्टॉपवर ताटकळलेल्या माणसाची थट्टा आहे.

आणि पैसा? लंडनमध्ये शुल्काची निव्वळ कमाई वाहतुकीवरच खर्च करायचं कायद्याचं बंधन आहे. दिल्लीत 2015 पासून शहरात शिरणाऱ्या ट्रकांकडून पर्यावरण भरपाई शुल्क घेतलं जातं. त्यातली मोठी रक्कम खर्चाविना पडून राहिल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. ट्रकवाल्याने पैसे भरले, फुप्फुसांना पावतीसुद्धा मिळाली नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आधी बस वाढवा आणि भाडं खाली आणा. मग टेम्पोवाल्याला जुनी गाडी बदलायला पुरेल एवढे पैसे द्या, वेळ द्या. शुल्क नुसत्या गाडीच्या वयावर नको, तिच्या आकारावर आणि किमतीवरही लावा, म्हणजे पहिला खिसा एसयूव्हीवाल्याचा रिकामा होईल. जमा झालेला प्रत्येक रुपया बसमध्ये गेलेला लोकांना दिसू द्या.

हे सगळं झाल्यावर टेम्पोवाल्याकडूनही शुल्क घ्या, जरूर घ्या. तोवर कुणी गरिबांच्या नावाने शुल्काला विरोध करत असेल, तर त्याला एकच विचारा: बसचं भाडं दुप्पट झालं, तेव्हा कुठे होतात?