बर्फ नाही, असं मी म्हणाले होते



एप्रिल लागला की आमच्याकडे द्राक्षांची शेवटची पेटी येते. निफाड-दिंडोरीचा हंगाम तेव्हा आवरत आलेला असतो. मणी पिवळसर पडलेले, गोडी पुरती भरलेली. त्यांचा मी पाहुण्यांसाठी गारेगार चुरा करते. सून त्याला ग्रॅनिटा म्हणते.

एक किलो बिनबियांची द्राक्षं मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून दोन-तीनदा धुवायची, मिक्सरमधून काढून गाळायची. चार-पाच चमचे साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. रस चाखताना जरा जास्तच गोड लागला पाहिजे, कारण गोठल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते, आणि साखर असली की त्याचा दगडही होत नाही. पसरट स्टीलच्या ताटात ओतून फ्रीजरमध्ये ठेवा, दर पाऊण तासाने काट्याने खरवडा. तीन-चार तासांत भुसभुशीत होतो.

आता जे सांगायला बसले ते. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आमच्या मोठ्या वन्संच्या वर्षीतपाचं पारणं झालं, भगवान ऋषभदेवांसारखं उसाच्या रसाने. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांना घरी बोलावलं. वन्संना बर्फाचा जन्माचा त्याग आहे. वाटी हातात घेताना त्यांनी विचारलं, "बर्फ नाही ना गं यात?" मी म्हणाले, "छे हो, नुसतं फळ आहे."

बर्फाचा खडा मी घातला नव्हता, हे खरं. पण रसातलं पाणी गोठून दुसरं काय झालं होतं? दुसरा चमचा दाताखाली करकरला तशी त्यांनी वाटी खाली ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी भाचीकडून कळलं, त्यांनी प्रायश्चित्त म्हणून आयंबिल केलं. मी फोन करून मिच्छामि दुक्कडं म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, तू कुठं मुद्दाम केलंस." तेच जास्त लागलं. कारण पाण्याच्या थेंबात अप्कायाचे असंख्य जीव आणि बावीस अभक्ष्यांत बर्फ, हे मी पाठशाळेपासून ऐकत आले आहे. शिवाय मी बी.कॉम. झालेली बाई. नको असलेला खर्च दुसऱ्याच खात्यावर टाकणं कशाला म्हणतात, ते मला कळतं. बर्फ मी फळाच्या खात्यावर टाकला होता.

मी स्वतः हा नियम घेतलेला नाही, म्हणून चुरा करते आणि करणार. काहीजणी म्हणतील, जैनाच्या घरात हे नकोच. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण जे करतो ते वाढण्याआधी सांगावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. विकतच्या डब्याचंही तेच. हिरवा ठिपका शाकाहारापुरता. आत मध असला तरी तो हिरवाच असतो. मागची यादी वाचायलाच हवी.

आणि वेळ! उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या सुमारास, आणि आपण गोड वाढतो रात्री नऊला. चौविहारवाल्या बायका हात बांधून बसतात आणि वर यजमानीण विचारते, "तुम्ही काहीच घेतलं नाही?" मला हे आदरातिथ्य वाटत नाही. माझ्या घरी आता पाहुणे पाच वाजता येतात. आमचे हे कुरकुरतात, पाचला कोण येतं म्हणून. सगळे येतात.

निम्मी द्राक्षं मी बाजूला ठेवते. पाहुणे आले की त्यांचा ताजा रस काढते. मातीच्या सुरईला तासभर आधी ओलं फडकं गुंडाळून दाराच्या वाऱ्यात ठेवलेलं असतं, त्यात तो ओतला की थोड्या वेळात घशाला पुरेल इतका गार होतो. त्यात फक्त पुदिन्याची दोन पानं.

येत्या रविवारी वन्सं येणार आहेत. सुरई परवाच घासून उन्हात पालथी घातली आहे.