पावडर डेचा पंगा

रात्रभर वादळ. सकाळी पडदा सरकवला तर निळंशार आकाश, लख्ख ऊन आणि कमरेएवढा भुसभुशीत ताजा बर्फ. स्कीइंगवाले याला 'पावडर डे' म्हणतात. गुलमर्गला कोर्स करून जरा कॉन्फिडन्स आलेले आपले मुंबई-पुण्याचे वीर याच दिवसाची वाट बघत असतात. आणि बॉस, हाच दिवस सगळ्यात डेंजर!

वादळ चालू असताना गंडोला बंद असते, पब्लिक हॉटेलात कावा पीत बसलेलं असतं. घोळ होतो दुसऱ्या दिवशी. कसा? डोंगरावरचा बर्फ थराथरांनी साचतो. सीझनच्या सुरुवातीचा पातळ थर कडाक्याच्या थंडीत साखरेसारखा रवाळ, सुटा होतो. त्यावर वादळ नवा जड थर आणून टाकतं. वारा तर धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, म्हणजे तिथे डबल ओझं. खालची साखर कशीबशी तग धरून असते. तेवढ्यात वरून एक स्कीअर जातो... आणि अख्खा उतार तडकून खाली येतो. हे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतं, म्हणजे जिथे स्की करायला खरी मजा येते तिथेच! अडकणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हिमस्खलन त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणाच्या तरी वजनाने सुटलेलं असतं.

गुलमर्गची गंडोला काही मिनिटांत अफरवतच्या खांद्यावर, जवळपास ४ हजार मीटरवर सोडते. दम लागत नाही, म्हणून भीतीही वाटत नाही. गंडोलाखालच्या उतारांवर स्की पेट्रोलची नजर असते. त्यापलीकडे बॅककंट्री. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला, काही दिवसांच्या जोरदार हिमवृष्टीनंतर, एक रशियन.

गाडलं गेल्यावर हातात असतात पहिली दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही, मित्रांनीच खणून काढायचं. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं हवं, ते वापरायची सवयही. मोबाइल ट्रान्सीव्हरच्या सिग्नलमध्ये गडबड करतो, तो बंद ठेवा. (एसएमएस नंतर!)

खरी गोची रजेची आहे. साहेबांच्या मागे लागून चार दिवस मिळवले, दोन वादळाने खाल्ले, परतीचं तिकीट रविवारचं. मग शनिवारी 'चल ना यार, एकच रन' होतंच. ताज्या बर्फाला बसायला निदान एक-दोन दिवस लागतात, खाली साखर असेल तर कितीतरी जास्त. तेव्हा रजा टाकतानाच दोन दिवस एक्स्ट्रा टाका. चंदीगडच्या डीजीआरईचं हिमस्खलन बुलेटिन रोज बघा, सकाळी पेट्रोलवाल्यांना विचारा. ते 'आज नको' म्हणाले तर गंडोलाखालचे उतार आहेतच, तिथे दोन दिवसही पुरत नाहीत.